आत्याने टाकलेला शब्द

राजीनाम्याचा कागद सापडला तो धुवायच्या कपड्यांत. पोरीच्या पँटच्या खिशातून चौकोनी घडी निघाली, वहिनीने ती उलगडली, वाचली, आणि मशीन तसंच पाण्याने भरत ठेवून ती तरातरा आत्याच्या खोलीत आली. रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते, आणि आत्या खिडकीपाशी बसून शब्दकोड्याशी भांडत होती.

"ताई, हे बघा तुमच्या लाडकीने काय लिहून ठेवलंय."

आत्याने चष्मा चढवला. इनमिन चार ओळी. वैयक्तिक कारणास्तव मी नोकरी सोडत आहे, मला उद्यापासून मोकळं करावं, आपली विश्वासू. अक्षर भिंगरीचंच होतं. एरवी पानभर ऐसपैस पसरणारं तिचं अक्षर इथे मात्र बारीक, आवळून धरल्यासारखं होतं, पण आत्याच्या ते ध्यानात आलं नाही. तिच्या ध्यानात एकच गोष्ट आली.

"उद्यापासून? डोकं फिरलंय का हिचं? आणि मला विचारायचं नाही?"

तसं विचारायचा आत्याचा हक्कच होता म्हणा. युनिफॉर्म शिवणारा तो कारखाना या घराला परका नव्हता. आत्याच्या आईने तिथे बावीस वर्षं काजं केली. आत्याने एकतीस वर्षं कापड कापलं, त्यातली शेवटची तेरा वर्षं विभागप्रमुख म्हणून. अख्खा कारखाना तिला कटिंगबाई म्हणायचा, आणि कटिंगबाई हातात कात्री घेऊन उभी राहिली की गप्पा आपोआप बंद व्हायच्या. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली, तिच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी तिच्या जागी सुपरवायझर झाली, आणि चौदा महिन्यांपूर्वी आत्याने आपल्या भाचीसाठी तिथे शब्द टाकला. घरातली तिसरी पिढी त्याच कटिंगच्या टेबलाशी उभी राहिली. त्या दिवशी आत्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"मी बोलते तिच्याशी," आत्या म्हणाली.

"तुम्ही एकट्या नको," वहिनी म्हणाली. "सगळे मिळूनच बोलू. मी थोरल्यालाही बोलावते."

बारा वाजेपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती दरबार भरला. आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भिंगरीचा बाप, बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, नखातलं ग्रीस अजून गेलेलं नाही असा. त्याच्या शेजारी वहिनी, समोर मटाराचा ढीग. थोरला, भिंगरीचा मोठा भाऊ, दोन गल्ल्या पलीकडून हेल्मेट हातात घेऊनच आला होता. तो विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा, आणि घरातही तसाच तपासून बोलायचा. आणि टेबलाच्या टोकाला भिंगरी.

लहानपणी ही पोर एका जागी ठरायची नाही, अंगणात गरगर फिरून धपकन पडायची आणि हसत सुटायची, म्हणून हे नाव. आता सव्वीस वर्षांची भिंगरी आपल्या हातांकडे बघत बसली होती. कोणी तिला पाणी दिलं तर तेही तिने दोन घोटांत संपवून भांडं पालथं घातलं.

"दुसरी नोकरी बघितलीस का?" थोरल्याने सुरुवात केली.

"नाही."

"मग हातातली कशाला सोडायची? लोक विचारतील ना पुढच्या ठिकाणी, मधेच का सोडलीत म्हणून. आणि आत्याचं नाव आहे तिथे. तिच्या शब्दावर घेतलंय तुला. तिने काय तोंड दाखवायचं?"

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाली. "वर्षभरात कंटाळा आला म्हणून कोणी नोकरी सोडतं का?"

"कंटाळा नाही आला," भिंगरी म्हणाली. "मला नाही जायचं आता तिथे. एवढंच."

"एवढंच कसं?" आत्याचा आवाज चढला. एकतीस वर्षं मशीनच्या घरघरीत बोलून तिला हळू बोलणं राहिलंच नव्हतं. "सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. मला नाही गेलं? टिकून राहावं लागतं गं. काम काही पायघड्या घालत नाही कोणासाठी."

"ताई, जरा थांब," भाऊ म्हणाला. हा माणूस बोलायचाच कमी, त्यामुळे तो बोलला की सगळे थांबायचे. त्याने खुर्ची मुलीकडे सरकवली. "भिंगरे, तुला तिथे कोणी काही बोललं का?"

भिंगरीने मान वर केली. बापाकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि पटकन नजर काढून घेतली.

"बाही," ती म्हणाली.

"काय बाही?"

मग तिने सांगितलं. सांगतानासुद्धा जसं काही दुसऱ्याचं सांगतेय. दवाखान्याच्या युनिफॉर्मची मोठी ऑर्डर होती. कापडाचे चाळीस थर टेबलावर अंथरायचे आणि एकदम कापायचे. सुपरवायझरबाईने सांगितलं, सगळे थर सुलटे अंथर. तिने अंथरले. कापून बघते तर चाळीसच्या चाळीस बाह्या डाव्या. उजवी एकही नाही. थर एकाआड एक उलटसुलट हवे होते. भिंगरीला ते माहीत होतं, तिने विचारलंही होतं, पण 'मला शिकवू नकोस' असं उत्तर मिळालं होतं. आणि नंतर सुपरवायझरबाई म्हणाली, मी असं सांगितलंच नव्हतं. मग त्यातली एक बाही सूचनाफलकावर टाचणीने लावली. खाली भिंगरीचं नाव, आणि नावापुढे 'कटिंगबाईंची भाची'.

"किती दिवस?" भाऊने विचारलं.

"अकरा."

वहिनीचा मटार सोलणारा हात थांबला. "अकरा दिवस? आणि रोज संध्याकाळी येऊन तू माझ्याशी गप्पा मारत होतीस?"

"तू मारत होतीस आई. मी हो हो म्हणत होते."

थोरल्याने घसा खाकरला. "एकदाच झालं का असं?"

"रोजच काहीतरी असतं दादा. मला सगळे राणीसाहेब म्हणतात. तिनेच पाडलंय ते नाव. बाथरूमला जायचं तर माझं एकटीचं नाव वहीत लिहायचं, गेलेली वेळ, आलेली वेळ. मी कापलेलं प्रत्येक बंडल सगळ्यांसमोर सोडून पुन्हा मोजायचं. चुकलेलं नसलं तरी मोजायचं. आणि मोजून होईपर्यंत मी उभी."

"तक्रार केलीस?"

"तीनदा. लेखी."

"मग?"

"मॅनेजर म्हणाला, जुळवून घ्या. दुसऱ्यांदा म्हणाला, मनाला लावून घेऊ नका. तिसऱ्यांदा त्याने माझा कागद तिच्याच हातात दिला. तुमच्या विभागातलं आहे, तुम्हीच मिटवा म्हणून. तिने तो टेबलावर चढून मोठ्याने वाचून दाखवला." भिंगरी किंचित हसली. ते हसू बघवत नव्हतं. "माझ्या कागदात एके ठिकाणी 'मला त्रास होतो' असं होतं. ते वाक्य तिने दोनदा वाचलं."

थोरल्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. इतका वेळ ते त्याच्या मांडीवर होतं, म्हणजे लगेच निघायचंच त्याच्या मनात होतं. आता त्याने बाह्या सरसावल्या. दरबाराचं पारडं बघता बघता फिरलं. आता एकटी आत्या उरली.

"ती असं नाही करणार," आत्या म्हणाली. "अरे, मी घडवलंय तिला. माझ्या पोटच्या पोरीसारखी होती ती. काहीतरी गैरसमज झालाय. थांबा, आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावते."

"आत्या, नको," भिंगरी म्हणाली. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "प्लीज. फोन नको करूस."

पण आत्याने फोन लावलाही होता. कटरच्या आवाजाने तिचा डावा कान गेलेला, उजवा अर्धामुर्धा, म्हणून ती नेहमी फोन टेबलावर ठेवून स्पीकरवरच बोलायची. सगळ्यांनी ऐकावं असा काही तिचा हेतू नव्हता. पण सगळ्यांनी ऐकलं.

"बाई! किती दिवसांनी!" पलीकडचा आवाज खराखुरा आनंदला होता. "तब्येत काय म्हणते? गुडघा?"

"गुडघा आहे जागेवर. काय गं, आमच्या पोरीची बाही फलकावर लावलीस म्हणे?"

"लावली ना. का? तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"मी?"

"तिला घेऊन आलात त्या दिवशी. विसरलात? म्हणालात, माझी भाची आहे म्हणून सोडू नकोस, इतरांपेक्षा दुप्पट कडक वाग. उद्या कोणी म्हणायला नको की कटिंगबाईने आपलं माणूस घुसवलं. तुमचा शब्द मी कधी मोडलाय का बाई?"

सांगितलं होतं. अगदी ह्याच शब्दांत, दारात उभं राहून, भिंगरीला आत पाठवल्यावर. आणि परतताना रस्ताभर तिला स्वतःचा अभिमानही वाटला होता.

"अगं, पण कडक म्हणजे..." ती कशीबशी म्हणाली.

"कडक म्हणजे काय, ते मी तुमच्याकडेच शिकले ना." आवाजात राग नव्हता. ऑर्डरीची मापं सांगावी तसं ती सांगत होती. "माझ्या गळ्यात ती वाकडी कॉलर अडकवली होतीत तुम्ही. दिवसभर. जेवायच्या सुट्टीतसुद्धा काढू दिली नाहीत. बस स्टॉपपर्यंत तशीच गेले मी, काढायची शुद्धच राहिली नव्हती. एकवीस वर्षांची होते. पण बघा, त्यानंतर एक कॉलर चुकली नाही माझी. हिचंही भलंच होईल. उद्या पाठवा तिला."

फोन बंद झाला. वहिनीच्या समोरच्या ताटलीतून एक मटार घरंगळत खाली गेला आणि तो कोणी उचलला नाही.

कॉलरची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आत्या ती हातवारे करून सांगायची. ती पोर कशी गळ्यात कॉलर घालून फिरत होती, काजवाल्या बायका कशा पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पाहुणे आले की हमखास. लहानपणी भिंगरी तर हट्ट धरायची, आत्या कॉलरची सांग ना, कॉलरची. आणि त्या गोष्टीत बस स्टॉप कधीच नव्हता.

"आत्या," थोरला हळूच म्हणाला, "तू खरंच असं सांगितलंस तिला?"

"सांगितलं." आत्याने पदराने चष्मा पुसायला घेतला. "आपल्या घरात सांगतातच तसं. मला लावलं तेव्हा आईनेही सांगितलं होतं. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही, उलट चार छड्या जास्तच..."

"मला डेपोत चिकटवलं तेव्हा बाबांनीसुद्धा," भाऊ म्हणाला. "साहेबाला म्हणाले, माझा मुलगा समजू नका. त्याने समजलंच नाही. सहा महिने नुसती चाकं धूत होतो मी." आणि मग म्हणाला, "मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असंच सांगत असतील."

"आमच्याकडे नव्हतं बाई असं काही," वहिनी म्हणाली. तिने हे मुद्दाम टोमणा मारायला म्हटलं नाही. तिला खरोखरच नवल वाटत होतं. "मी शाळेच्या ऑफिसात लागले तेव्हा माझे वडील आले होते सोबत. हेडमास्तरांना म्हणाले, पोर नवीन आहे, सांभाळून घ्या. बस्स, एवढंच म्हणाले."

इतकं साधं वाक्य, आणि दोन पिढ्यांत या घरात ते कोणाला सुचलं नव्हतं. आत्याने वर बघितलं तेव्हा भिंगरीची खुर्ची रिकामी होती.

मागच्या दाराच्या पायऱ्यांवर ती बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. आत्या दुखऱ्या गुडघ्याने एकेक पायरी उतरली आणि तिच्या शेजारी टेकली. दोरीवर सकाळचे कपडे नव्हते. मशीन अजून पाण्याने भरलेलंच पडलं होतं.

"तुला माहीत होतं," आत्या म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच. फोन नको म्हणताना भिंगरीचा चेहरा तिला आत्ता कुठे समजला होता.

"पहिल्या दिवशीच सांगितलं तिने. तुझ्या आत्यानेच सांगितलंय. मग रोजच सांगायची. बाही लावली तेव्हासुद्धा."

"मग माझ्याशी का नाही बोललीस, बाळा? एका घरात राहतो आपण. भिंतीपलीकडे असते मी."

"काय बोलणार?" भिंगरीने हनुवटी गुडघ्यावर टेकवली. "मला वाटलं, तुला हेच हवंय. मी घरी आले की तू विचारायचीस, काय गं, कडक आहे ना ती? आणि खूश व्हायचीस. मला वाटलं, तुला सगळं कळतंय. रोज सकाळी तू मला डबा भरून द्यायचीस, आणि मला वाटायचं, ही जाणूनबुजून पाठवते मला."

चौदा महिने आत्याने त्या पोरीचा डबा भरला होता, ती आवडीने खाते म्हणून वर एक फळ कापून ठेवलं होतं, आणि चौदा महिने पोर तो डबा असा घेऊन जात होती.

"आणि मग वाटायला लागलं, मीच कच्ची," भिंगरी पुढे म्हणाली. "आजीने बावीस काढली. तू एकतीस. मला साधे चौदा महिने जमेनात."

"जमत कोणाला होतं?" आत्या म्हणाली. बोलायचं नाही असं तिने कधी ठरवलं नव्हतं, पण हे आजवर कोणाला बोललेली नव्हती. "मी रडायचे गं. पहिली दोन वर्षं. कापडाच्या खोलीत पांढरे तागे उभे करून ठेवलेले असायचे, त्यांच्या मागे जाऊन. पांढरेच का, तर तिकडे कोणी फारसं यायचं नाही, डाग पडतील म्हणून. माझी मुकादमीण मला जेवणाच्या सुट्टीत झाडू मारायला लावायची, आणि म्हणायची, तुझ्या आईनेच सांगितलंय. आई तिकडे काजांच्या मशीनवर बसलेली. मला दिसायची. मान खाली घालून काम करत असायची."

भिंगरीने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तू कधी विचारलंस तिला?"

"नाही विचारलं. तिला वाटायचं माझी पोर खमकी आहे. तिचा तो समज मोडवेना मला. मग हळूहळू मलाही तेच वाटायला लागलं. इतकं वाटायला लागलं की दुसऱ्याच्या पोरीच्या गळ्यात कॉलर अडकवली आणि घरी येऊन गंमत म्हणून सांगितली." आत्याचा आवाज, तो कारखानाभर पुरणारा आवाज, पार खाली आला. "चुकलं माझं, भिंगरे. फार चुकलं. मला तू हवी होतीस तिथे, माझ्या टेबलाशी, एवढंच होतं मनात. आणि मी तुला अशी टाकून आले."

भिंगरी रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलत राहिले. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीने तो झटकला नाही, पण अंग टाकून जवळही आली नाही, आणि आत्याने ओढून घेतलं नाही.

मग आत्या म्हणाली, "तो कागद बदल. वैयक्तिक कारण नाहीये हे."

"खरं लिहिलं तर तुझं नाव येईल त्यात. म्हणून तर तसं लिहिलं."

एवढं सगळं सोसून पोर वर आत्याची अब्रू राखत होती.

"येऊ दे," आत्या म्हणाली. "पहिल्या ओळीत येऊ दे."

मग त्या दुपारी स्वयंपाकघरात जे झालं ते बघण्यासारखं होतं. थोरला मजकूर सांगत होता आणि भिंगरी लिहीत होती. "तारीख घाल. नुसतं 'मागच्या महिन्यात' चालत नाही, लोक पळवाट काढतात. कोण कोण हजर होतं तेही लिही." जन्मभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या त्या आज बहिणीच्या कामी आल्या. भिंगरीचा बाप दर दहा मिनिटांनी चहा ठेवत होता आणि कोणी मागितला नाही तरी कप पुढे सरकवत होता. चहा बेकार व्हायचा त्याचा, पण सगळे पीत होते. आत्याने स्वतःबद्दलचं वाक्य स्वतः सांगितलं. 'माझ्या आत्याने, या विभागाच्या माजी प्रमुखांनी, मला इतरांपेक्षा दुप्पट कडक वागवण्यास सांगितले होते व त्याचा आधार घेण्यात आला.' थोरला म्हणाला, "हे जरा मऊ करू या का?" आत्या म्हणाली, "नको."

शेवटी वहिनीने कागद वाचायला मागितला. तळाशी येऊन तिने नाक मुरडलं.

"हे 'आपली विश्वासू' काढ आधी. कसली विश्वासू! नुसतं नाव लिही."

भिंगरी हसली. पुरतं नाही, पण ह्या वेळी ते बघवत होतं.

सोमवारी आत्या तिच्याबरोबर गेली. भिंगरीने नको म्हटलं नाही, चल असंही म्हटलं नाही. दोघी बसमध्ये शेजारी शेजारी बसल्या, आणि जसजसा कारखाना जवळ आला तसतसे भिंगरीचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट होत गेले. रोज सकाळी हे असं होत असणार, आत्याच्या मनात आलं. डबा घेऊन निघालेल्या पोरीमागे दार लावून आपण शब्दकोडं सोडवायला बसत होतो.

मॅनेजर उठून उभा राहिला. "बाई! या, या. तुमच्यानंतर रया गेली हो कटिंगची." मग त्याने कागद वाचला. दोन पानं होती. पहिल्या पानावरच त्याचं हसू मावळलं.

"अहो, एवढं सगळं कशाला लिहायचं? वैयक्तिक कारण म्हणा. मी अनुभवाचं प्रमाणपत्र छान देतो. बाई, तुम्ही समजवा की तिला."

"मी चौदा महिने उशिरा आलेय," आत्या म्हणाली. "मला काही समजावता यायचं नाही."

"तुमच्या काळात असलं काही नव्हतं चालत बघा."

"चालत होतं. मीच करत होते. आणि तुमच्या आधीचा मॅनेजर तुमच्यासारखाच बघत होता."

मॅनेजर खाली बसला. भिंगरीने दुसरी प्रत पुढे सरकवली. "यावर मिळाल्याची सही हवी. तारखेसकट." त्याने सही केली. भिंगरीने तारीख तपासली आणि कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

बाहेर जायचा रस्ता कटिंगच्या हॉलमधूनच होता. लांब टेबलावर निळं कापड अंथरलेलं होतं, आणि त्याच्या टोकाला सुपरवायझरबाई उभी होती, हातात बोटं वाचवणारा स्टीलच्या जाळीचा मोजा, कटर सुरू. आत्याला बघून तिने कटर बंद केला. बाकीचेही थांबले.

आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवलं होतं, आणि आता त्यातलं काही आठवत नव्हतं.

"तुझ्या गळ्यात मी कॉलर अडकवली होती," ती म्हणाली. आवाज चढलेलाच होता, सगळ्यांना ऐकू गेलं, आणि ते बरंच झालं. "ती अडकवायला नको होती. तू शिकत होतीस. चूक झाली तर पुन्हा दाखवायचं असतं. मी हसं केलं तुझं. नंतर घरीही करत राहिले. माफ कर मला."

सुपरवायझरबाईचा चेहरा हलला नाही. तिने मोजा काढला, पुन्हा घातला.

"हे तेव्हा म्हणायला हवं होतंत, बाई."

"हो."

"आता काय उपयोग?"

"तुला नसेल. पण चूक माझी होती, एवढं सगळ्यांसमोर सांगायचं होतं." आत्याने श्वास घेतला. "आणि हिच्याशी तू जे वागलीस, त्याची सुरुवात माझ्या शब्दाने झाली. पण अकरा दिवस ती टाचणी तूच ठेवलीस. माझं माझ्याकडे, तुझं तुझ्याकडे."

सुपरवायझरबाईने भिंगरीकडे बघितलं. काही बोलेल असं क्षणभर वाटलं. तिचे ओठ हलले, डोळे भरून आले, पण तिने मान खाली घातली आणि कटर सुरू केला. त्या घरघरीत दोघी दाराबाहेर पडल्या.

रस्त्यावर ऊन होतं. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला या रस्त्यावर आत्या आयुष्यात कधी चालली नव्हती. दुकानं नुकती उघडत होती. कोपऱ्यापर्यंत येताच आत्याला राहवेना. ती बाई कशाचीच वाट बघणाऱ्यांतली नव्हती.

"भिंगरे, मला माफ केलंस का गं?"

भिंगरी थांबली. तिने आत्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, गेल्या कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं तसं.

"अजून नाही, आत्या," ती म्हणाली. "पण करीन. तू घाई नको करूस."

"नाही करत," आत्या म्हणाली.

भिंगरीने तिच्या दंडाला धरून तिला सावलीच्या बाजूला घेतलं, आणि दोघी हळूहळू बस स्टॉपकडे चालू लागल्या.